ऐकीव

व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस होता आणि वक्ते रंगात आले होते. विषय समता, सभागृह भरलेलं. त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि म्हणाले, ‘देव बोलला’ या दोन शब्दांनी जगात जेवढी उतरंड रचली तेवढी कुठल्या तलवारीनं रचली नाही. देव एकाच्याच कानात बोलतो म्हटलं की बाकीचे आपोआप खालच्या पायरीवर येतात. ज्यानं ऐकलं तो श्रेष्ठ, ज्यानं त्याच्याकडून ऐकलं तो दुय्यम, आणि ज्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही तो माणसात जमाच नाही. पुढे त्यांनी यहुदी लोकांची ‘निवड’ काढली, पोपचे फतवे काढले, आणि शेवटी निष्कर्ष सांगितला: माणसाची प्रतिष्ठा टिकवायची असेल तर प्रकटीकरण नावाचा प्रकार मोडीत काढा आणि ती बुद्धीच्या पायावर उभी करा. ‘ख्रिस्ती मित्रांनी राग मानू नये,’ असंही जाता जाता म्हणाले. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मला वाटलं, हा अनेकवचनी मित्र बहुधा मी एकटाच.

प्रश्न चिठ्ठीवर मागवले होते. मी चिठ्ठी दिली, ती वेळेअभावी घेतली गेली नाही. म्हणून हे लांबण.

राग मात्र खरंच आला नाही. वक्त्यांनी मांडलं ते चांगल्या घराण्यातलं आहे. टॉमस पेननं १७९४ साली ‘एज ऑफ रीझन’मध्ये म्हटलं की प्रकटीकरण हे ज्याला झालं त्याच्यापुरतंच प्रकटीकरण, दुसऱ्याच्या कानावर येईपर्यंत ती ऐकीव गोष्ट झालेली असते आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायला कुणी बांधील नाही. हा पेन जोतीराव फुल्यांचा आवडता. निर्मिकानं सगळ्या मानवांसाठी ग्रंथ दिला असता तर तो एकाच भाषेत कोंडून कशाला ठेवला असता, हा ‘सार्वजनिक सत्यधर्म’मधला जोतीरावांचा सवाल त्याच वाटेवरचा. आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बुद्धाचा मोठेपणा सांगताना मुद्दाम नोंदवलं की त्यानं आपल्या वचनाला ईश्वरी प्रकटीकरणाचा शिक्का मारला नाही. ही परंपरा मी परकी मानत नाही. माझे पणजोबा ज्या वस्तीतून ख्रिस्ती मंडळीत आले त्या वस्तीला शाळेचं दार पहिल्यांदा उघडणाऱ्यांत जोतीराव होते. तेव्हा मी भांडतोय ते घरातल्या माणसाशी. घरातल्या भांडणात आवाज जरा चढतो, एवढं समजून घ्यावं.

पेनपासून सुरुवात करतो, कारण त्याचा ‘ऐकीव’ हा शब्द मला लागला.

माझी आजी बायबलबाई होती. नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगतो. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर गावोगाव पायी हिंडून बायांना शुभवर्तमान वाचून दाखवणारी बाई. आजी लग्नानंतर अक्षरं शिकली. वाचताना ओळीखाली बोट धरायची आणि जोडाक्षर आलं की थांबून घोट गिळायची. तिची ठेवणीतली गोष्ट एकच, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. ती म्हणायची ‘विहिरीवरची बाई’.

भर दुपारी येशू थकून विहिरीवर बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तो तिला प्यायला पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नाही. शहरातल्या मंडळीत या जागी पाळकांना पाच मिनिटं इतिहास सांगावा लागतो: यहुदी कोण, शोमरोनी कोण, वैर कधीचं. आजीला अर्ध्या मिनिटाचीही गरज पडायची नाही. पुढ्यात बसलेल्या बायांच्या विहिरी वेगळ्या होत्या. कुणी पाणी मागितलं, कुणाच्या भांड्यानं मागितलं, दुपारच्या उन्हात एकटी बाई पाण्याला का येते, हे त्यांना वाक्य संपायच्या आत कळायचं. आणि दर वेळी कुणीतरी एकच प्रश्न विचारायची: ‘मग प्याला का तो, तिच्या हातचं?’

आजी पुस्तकात पुन्हा बोट फिरवायची. ‘तसं लिहिलेलं नाही,’ म्हणायची. ‘पण घागर तिथंच टाकून ती गावात पळाली, ते लिहिलंय.’

आता पेनचा आक्षेप या गोष्टीला लावून बघा. योहानाच्या शुभवर्तमानात आपण मसीहा आहोत हे येशू पहिल्यांदा उघड बोलतो ते या बाईपाशी. यरुशलेमच्या शास्त्र्यांपाशी नाही, बारा शिष्यांपाशीसुद्धा नाही. ते गावात खायला आणायला गेले होते आणि परतल्यावर हा बाईशी काय बोलत बसलाय म्हणून अवघडून उभे राहिले. म्हणजे वक्त्यांच्या उतरंडीप्रमाणे सगळ्यात वरची पायरी या बाईची व्हायला हवी. तिनं ऐकलं, गावानं तिच्याकडून ऐकलं. पण पुढं काय होतं? गावकरी येतात, येशूला दोन दिवस ठेवून घेतात आणि शेवटी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून मानत नाही, आम्ही स्वतःच ऐकलंय. ऐकीव गोष्ट ऐकीव राहू नये, ही तजवीज त्याच अध्यायात आहे. पेनच्या आक्षेपाला उत्तर पेनच्या सतराशे वर्षं आधी एका शोमरोनी गावानं दिलं, आणि ते देताना त्या बाईचा मक्ताही मोडला.

शिवाय ऐकीव असणं हे कमीपणाचं आहे, हे ठरवलं कुणी? माझी जन्मतारीख मला ऐकीव आहे. माझी आई हीच माझी आई, हेही ऐकीव. माणसाला जे सगळ्यात जवळचं ते दुसऱ्या माणसाच्या तोंडूनच येतं. प्रश्न असतो सांगणारा ते वाटतो की दडवतो एवढाच. जोतीरावांचा सवाल दडवणाऱ्यांना होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. ज्या ग्रंथाचे शब्द कानावर पडले म्हणून शूद्राला शिक्षा सांगितली गेली, त्या व्यवस्थेला ‘हे देवाचं कसं?’ असं विचारायलाच हवं होतं. पण तो सवाल घेऊन ख्रिस्ती पुस्तकाकडे आलं की गंमत होते. येशू अरामी बोलायचा. शुभवर्तमानं आपल्या हाती आहेत ती ग्रीक. म्हणजे येशूचं बोलणं मूळ पुस्तकातच भाषांतर होऊन आलंय. देवभाषा अशी तिथं नाहीच, त्यामुळे कोंडून ठेवायला कोठडीही नाही. फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, केरीनं १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार काढला, आणि केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी तर कमालच केली.

रमाबाईंवर मी थोडा थांबणार आहे. वक्त्यांनी त्यांचं नाव एकदा घेतलं, ‘समाजसुधारक’ म्हणून, आणि पुढे गेले. रमाबाईंचा धर्म वजा करून त्यांची सुधारणा तेवढी ठेवायची, ही आपली जुनी खोड आहे.

ही बाई संस्कृतात इतकी निष्णात की १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. बुद्धीचा पाया म्हणाल तर तो तिच्याकडे होता. आणि त्या बुद्धीनं शास्त्रं वाचल्यावर तिच्या ध्यानात आलं की एरवी प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ दोन गोष्टींवर एकमत आहेत: बाईची जात वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी तिला लंडनमधल्या फुलहॅमचं आश्रयगृह दाखवलं. तिथं समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायांना त्या भगिनी मायेनं वागवत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे कशाच्या जोरावर? उत्तर म्हणून त्यांना वाचून दाखवला तो हाच योहानाचा चौथा अध्याय. विहिरीवरची बाई. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे गदारोळ उठला तेव्हा त्यांच्या बाजूनं १८८५ मध्ये ‘सत्सार’ लिहून उभे राहिले ते जोतीरावच. वक्त्यांनी हे सांगितलं असतं तर व्याख्यान जरा वेगळ्या वाटेला गेलं असतं.

पण गोष्ट इथं संपली असती तर ती मिशनऱ्यांच्या अहवालात शोभली असती. बाप्तिस्म्यानंतर चर्चनं रमाबाईंना सांगायला सुरुवात केली की आता बिशपांचं ऐका. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिननं पत्रांमागून पत्रं लिहून नम्रतेचे धडे दिले. रमाबाईंनी उलट टपाली कळवलं ते थोडक्यात असं: एका पुरोहितवर्गाचं जू मी नुकतंच मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. आधार कशाचा घेतला? बायबलचा. ज्या पुस्तकाचे मालक म्हणून बिशप बोलत होते तेच पुस्तक त्यांच्यासमोर धरून. आणि आयुष्याची शेवटची अनेक वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून, पंडिती संस्कृत बाजूला सारून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात जुळवले ते मुक्तिसदनातल्या मुलींनी, दुष्काळातून उचलून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

देवाचं वचन ज्यांच्या कानावर पडता कामा नये असं एके काळी ठरलेलं होतं, त्यांच्याच बोटांना ते शाई होऊन लागलं. हे मी वक्त्यांना विचारणार होतो: याला उतरंड म्हणायचं का?

‘निवडलेले लोक’ हा दुसरा मुद्दा. वरवर पाहता जबरदस्त आहे. देवानं एक जमात निवडली म्हणजे बाकीच्या नाकारल्या, हा हिशेब सोपा. फक्त तो हिशेब निवडलेल्यांच्याच पुस्तकात खोडलेला आहे. आमोस नावाचा संदेष्टा, गुरं राखणारा. आमच्या मराठी बायबलात तो आपली ओळख उंबराच्या झाडांची निगा राखणारा अशी करून देतो. तो राजाच्या देवळात जाऊन इस्राएलला बजावतो की देवाच्या लेखी तुम्ही आणि कूशी लोक सारखेच आहात. तुम्हाला मिसरातून सोडवलं याचा टेंभा मिरवता, पण पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून आणणाराही तोच. पलिष्टी म्हणजे इस्राएलचे हाडवैरी. देवळाच्या पुजाऱ्यानं आमोसला हाकललं, यात नवल नाही. नवल हे की हाकललेल्याचं बोलणं त्या लोकांनी जपून ठेवलं, पवित्र मानलं आणि पिढ्यान् पिढ्या स्वतःविरुद्ध वाचत राहिले. स्वतःचं वकीलपत्र घेणारे ग्रंथ जगात पुष्कळ आहेत. स्वतःवर खटला भरणारा ग्रंथ उराशी धरणं वेगळं. ‘निवड’ या शब्दाचा अर्थ मला तिथं कळतो: आधी झडती तुमची.

पोपच्या फतव्यांबद्दल वक्ते खरं तेच बोलले आणि कमीच बोलले. १४५५ साली पाचव्या निकोलसनं पोर्तुगीजांना परधर्मीयांना गुलाम करण्याची मुभा देणाऱ्या फर्मानावर शिक्का मारला. १५३७ मध्ये तिसऱ्या पॉलनं ‘सुब्लिमिस देउस’ काढून अमेरिकेतले मूलनिवासी ही खरीखुरी माणसं आहेत, त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही, असं जाहीर केलं. मधली ब्याऐंशी वर्षं आणि नंतरची कित्येक शतकं रक्तानं माखलेली आहेत. मी त्यांच्यावर चादर घालणार नाही.

पण त्या रक्तात उभा असलेला एक माणूस मला दाखवायचा आहे. बार्तोलोमे दे लास कासास. १५१४ साल, क्यूबा. हा धर्मगुरू होता आणि जमीनदारही; त्याच्या वाट्याला आलेले इंडियन, म्हणजे तिथले मूलनिवासी, मजूर त्याच्या शेतात आणि खाणीत राबत होते. तीन वर्षांपूर्वी हिस्पानिओला बेटावर अंतोनियो दे माँतेसिनोस या दोमिनिकन साधूनं व्यासपीठावरून जमीनदारांना विचारलं होतं की ही माणसं नाहीत काय. त्या सवालांनीही लास कासास हलला नव्हता. मग पन्नासाव्या दिवसाच्या सणासाठी प्रवचनाची तयारी करताना त्यानं सीराखच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय काढला. गरिबाची भाकर हिरावून घेणारा खुनी आहे, आणि लुबाडलेल्या धनातून केलेलं अर्पण देवाला चालत नाही, अशा अर्थाच्या त्या ओळी. माणूस अडकला. अर्पणाची भाकर रोज त्याच्याच हातात असायची आणि ती कुठल्या घामाची, हे त्याला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये त्यानं आपले मजूर सोडले आणि भर उपासनेत सांगून सोडले. (हे सीराख आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलात नाही. आमचा तोटा.)

त्यानंतर काही काळ हाच लास कासास इंडियनांऐवजी आफ्रिकी गुलाम आणा असं सुचवत होता, हेही लिहिलं पाहिजे. पुढे त्यानं स्वतःच ते पाप म्हणून नोंदवून ठेवलं. प्रकटीकरण एका फटक्यात माणसाला शहाणं करत नाही. पण ते त्याला सुखानं झोपूही देत नाही.

आता १५५०, स्पेनमधलं व्हायादोलिद. राजानं वाद बोलावला: इंडियनांवर युद्ध लादणं न्याय्य आहे का? एका बाजूला लास कासास. दुसऱ्या बाजूला सेपूल्वेदा, आणि त्याच्या हातातलं सगळ्यात धारदार शस्त्र कुठलं? ॲरिस्टॉटल. काही माणसं बुद्धीनं उणी असल्यामुळे निसर्गतःच गुलाम असतात, हा तो सिद्धान्त. सेपूल्वेदानं बायबलातली वचनंही वापरली, ती वापरायला काय लागतं. पण माणसाला पायरी ठरवून देण्याचं काम त्यानं बुद्धीकडून करून घेतलं. पुढे ज्ञानोदयाच्या भर उजेडात डेव्हिड ह्यूमनं एका निबंधाच्या तळटिपेत काळ्या माणसांच्या जन्मजात कमीपणाची शंका नोंदवली. त्यासाठी त्याला कुठल्या देवाला साक्षीला बोलवावं लागलं नाही.

म्हणून बुद्धीचा पाया मला पुरा वाटत नाही. बुद्धी मोजता येते, आणि जे मोजता येतं त्याची उतरंड लागते. आमच्या मंडळीत एक पोरगा आहे. वीस-बावीसचा असेल, त्याला बोलता येत नाही, आकडे कळत नाहीत. उपासना संपली की बाकांवरची ‘उपासना संगीत’ची पुस्तकं तो गोळा करतो आणि कपाटात लावतो, उलटीसुलटी. वक्त्यांच्या पायावर हा पोरगा कुठं उभा राहील? ते सज्जन आहेत. म्हणतील, तोही माणूसच. मी म्हणतो, बरोबर, पण हे तुम्ही त्याच्या बुद्धीकडे बघून म्हणाला नाहीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा म्हटलाय, नर आणि नारी दोन्ही, आणि त्याला कुठली इयत्ता लावलेली नाही. तो पोरगा त्या वाक्यात बसतो, मुद्दाम सरकून जागा करावी लागत नाही. बौद्ध मित्र करुणेच्या वाटेनं त्याच पोरापाशी पोचतील. आनंद आहे, माझा वाद त्यांच्याशी नाही. एकाच घरात वेगवेगळ्या धर्माची माणसं प्रेमानं नांदताना जोतीरावांनी कल्पिली होती, ते घर मला मान्य आहे. माझा वाद एवढाच की त्या घरातून ‘देव बोलला’ म्हणणाऱ्याला समतेचा वैरी ठरवून बाहेर काढू नका.

कॅथलिक बंधूंनी हा वाद १९६५ मध्ये आपल्या परीनं लेखी मिटवला. व्हॅटिकन परिषदेनं नोव्हेंबरात दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात प्रकटीकरण म्हणजे आज्ञांची यादी असं न म्हणता देव माणसांशी मित्रासारखा बोलतो असं म्हटलं, आणि तीनच आठवड्यांत दुसऱ्या दस्तऐवजात धर्मस्वातंत्र्याचा आधार माणसाची प्रतिष्ठा हा सांगितला. ती प्रतिष्ठा देवाच्या वचनातूनही कळते आणि बुद्धीनंही, असं तिथं स्पष्ट आहे. उशीर झाला का? फार झाला.

बाबासाहेबांचा आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण तोच खरा. धर्मांतरानं अस्पृश्याची जात गेली नाही, ती चर्चमध्ये त्याच्यासोबत येऊन बसली, असं त्यांनी लिहिलं. याला प्रतिवाद कसला करायचा? माझ्या लहानपणी मंडळीत प्रभुभोजनाचा पेला एकच असायचा, आणि तो कुठल्या बाकापासून फिरायला लागतो याकडे मोठ्या माणसांचं बारीक लक्ष असायचं. आम्ही मूळचे महार, पलीकडची घरं मूळची मांग. दोघांनाही गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि वेशीबाहेर आल्यावर आम्ही आपसात आणखी एक वेस घातली. आजीनं एकदा आपला बाक सोडला आणि पलीकडच्या बाकावर अगदी शेवटी जाऊन बसली. पेला तिच्याकडे सगळ्यांनंतर आला. घरी आल्यावर आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. आजीनं सफाई दिली नाही, तिला वादविवाद यायचा नाही. ती विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगत राहिली, त्याच सुरात, जोडाक्षराला थांबत.

आता छोटे छोटे वेगळे पेले आले, भांडणाचं ते कारण मिटलं. पण वक्त्यांना पुढच्या व्याख्यानासाठी एक मुद्दा मी स्वतःहून देतो, कारण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी आमच्या मंडळ्यांच्या मासिकांमधली शेवटची पानं उघडावीत. ‘बाप्तिस्मा झालेली, देवभीरू, उपासनेला नियमित वधू पाहिजे.’ आणि त्याखाली, बारीक टाइपात, ‘स्वसमाजातील असल्यास प्राधान्य.’